खाडीकाठचे बारा महिने

भाईंदर म्हटलं की लोकांना विरार लोकल आठवते. दाराला लटकलेली माणसं, एकमेकींना खेटून उभ्या इमारती, पाण्याचे टँकर आणि फ्लॅटच्या जाहिराती. त्यामुळे ‘मी निसर्गाचे फोटो काढते’ असं सांगितलं की समोरची बाई विचारते, ‘अय्या, मग कुठे जाता? माथेरानला का महाबळेश्वरला?’ मी म्हणते, ‘कुठे नाही हो, इथेच. भाईंदरलाच.’ यावर ती हसते आणि विषय बदलते.

पण मैत्रिणींनो, नकाशा उघडून बघा एकदा. आमच्या मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. एवढी माणसं मावली ती मधल्या सपाट पट्ट्यात. कडेला अजून मिठागरं आहेत, खारफुटी आहे, कोळीवाडे आहेत, भाताची थोडी शेतं आहेत. घरातून निघून बसने अर्ध्या-पाऊण तासात यातल्या कुठल्याही ठिकाणी पोचता येतं. गेली दहा वर्षं मी तेच करते आहे.

मी काही छायाचित्रकार नव्हे. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा साधा डिजिटल कॅमेरा घरी राहिला, तेव्हा हा नाद लागला. आता तर निम्मे फोटो मोबाइलवरच काढते. महिन्यातून दोन-तीनदा, बहुतेक रविवारी पहाटे नाहीतर शनिवारी संध्याकाळी निघायचं आणि दोन तासांत परत यायचं, एवढाच माझा छंद. पण त्या दोन तासांनी मला राहत्या गावाकडे बघायला शिकवलं, ते तुमच्याशी वाटून घ्यावंसं वाटलं.

काम काय निघालं?

सगळ्यात अवघड काय वाटलं सांगू? कॅमेरा नाही. अवघड होतं ते घराबाहेर पडणं. पुरुष सकाळी सहाला खाली उतरला तर तो फिरायला गेला, असं सगळे धरून चालतात. बाई उतरली की जिन्यातच प्रश्न येतो, ‘काय हो, एवढ्या सकाळी काय काम निघालं?’ भाजी, दळण, देऊळ, दवाखाना, यातलं एखादं उत्तर हवं असतं. ‘काही काम नाही, जरा बघायला चाललेय’ हे उत्तर द्यायला मला पहिलं वर्ष जड गेलं.

घरी मात्र मदत झाली ती सासूबाईंची. त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरणं बंद झालंय. परत आले की त्यांना पलंगावर बसून सगळे फोटो बघायचे असतात. त्या मूळच्या गुहागरकडच्या, समुद्राच्या. ‘पाणी आज मातकट दिसतंय, वारा फिरला वाटतं’ असं त्या फोटोवरून सांगतात. पुढे पुढे त्याच विचारायला लागल्या, ‘या अष्टमीला जाणार आहेस ना गं?’ मग चहा-पोह्यांचं आमचे हे बघायला लागले. घर कोसळलं नाही!

तिथीची पाऊणपट

अष्टमीच का, ते सांगते. उत्तनला भाटे बंदराजवळ बोंबील घालणाऱ्या एक मावशी आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चांगली ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मध्ये नुसता चिखल. मी त्यांना विचारलं, ‘मावशी, पाणी कधी येईल?’ त्या म्हणाल्या, ‘आज तिथी कोणती गो बाय? तिथीची पाऊणपट कर, भरती कवा ते कळंल.’

हिशोब अगदी सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा तो लागू होतो, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. घड्याळ अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, पण आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब चुकत नाही. कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यावर होड्या लोटल्या आहेत.

म्हणजे बघा, भरल्या पाण्यात सूर्य बुडताना हवा असेल तर अष्टमीची संध्याकाळ गाठायची. ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब आणि उघडे पडलेले खडक हवे असतील तर पौर्णिमेची नाहीतर अमावास्येची संध्याकाळ, कारण तेव्हा साडेपाचच्या सुमारास ओहोटी असते. पौर्णिमेला आणखी एक फायदा. इकडे सूर्य मावळत असतो आणि तिकडे घोडबंदरच्या डोंगरांच्या बाजूने चंद्र वर येत असतो. एकाच संध्याकाळी दोन्ही मिळतात.

चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा आपण उपासासाठी पाठ केलेल्या असतात. त्या समुद्राच्याही तारखा आहेत, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. महागडं भिंग घेण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय नीट वाचायला शिका, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

आणखी एक गोष्ट बारा महिने एकाच जागी गेल्यावरच कळते. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, तर डिसेंबरात तो बराच डावीकडे बुडतो आणि जूनमध्ये बराच उजवीकडे. उत्तरायण-दक्षिणायन शाळेत घोकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते इथे.

‘आम्ही बाजूला होऊ का?’

आता त्या मावशींबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या फोटोंची दिशाच त्यांच्यामुळे ठरली.

पाऊस संपला, आभाळ मोकळं झालं की उत्तनला बोंबील वाळत घालायचं काम सुरू होतं, ते मेपर्यंत चालतं. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, असे हजारो. हे सगळं काम बायकांच्या हातांचं. सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तर ओले बोंबील काचेसारखे चमकतात, त्यांच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. वास येतो, नाही कशाला म्हणू! पण तो उजेड पाहिला की वासाचं भान राहत नाही.

तर मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मावशी व त्यांच्या दोघी सोबतिणी पटकन टोपल्या उचलून बाजूला झाल्या. म्हणाल्या, ‘तुला दर्या काढायचा ना? आम्ही मध्ये येतोय.’ मी म्हटलं, ‘नाही मावशी, थांबा तिथेच. तुम्ही हव्यात.’ त्यांना ते खरं वाटेना. ‘अशा अवतारात? लुगडं तरी बदलून येते.’ शेवटी कामात दंग झाल्यावर मला हवा तो फोटो मिळाला. तोंडात दोरीचं टोक, दोन्ही हात वर, मागे समुद्र.

पुढच्या खेपेला मी त्याची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती ओल्या हातात घेतली नाही, सुनेला हाक मारून धरायला लावली. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या घरात बायांचा फोटो दोनदाच निघतो. एक लग्नात, आणि दुसरा भिंतीवर हार घालायला. काम करताना मी अशी दिसते होय!’

घरी आल्यावर मी माझे आधीचे सगळे फोटो काढून पाहिले, आमचे घरचे अल्बमही पाहिले. माझ्या आईचा चुलीजवळचा, आजीचा जात्यावरचा, सासूबाईंचा शिलाई मशीनवरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. बारसं, मुंज, लग्न, सहल एवढंच आहे. ज्या कामात त्यांचं आयुष्य गेलं, ते कुठेच नाही.

निसर्गचित्र म्हणजे माणसं नसलेलं चित्र, असं आपण का धरून चालतो? आमच्या खाडीकाठी तर ऋतू म्हणजेच काम. मिठाचा ऋतू, बोंबलाचा ऋतू, लावणीचा ऋतू. ते काम करणारं माणूस चौकटीतून काढलं की उरतं ते नुसतं पाणी आणि आभाळ.

पांढरं सोनं आणि कॅमेरा

मिठागरांचंच घ्या. पाऊस ओसरला की मिठागरांचे बांध नीट केले जातात. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवायचं, शेवटच्या कप्प्यात मीठ धरतं. हिवाळा सरता सरता ढीग दिसायला लागतात आणि मेअखेरपर्यंत मीठ ओढायचं काम चालतं. पायाला मीठ चावतं, डोळ्यांना उन्हाची तिरीप लागते. या कामात नवरा-बायको जोडीने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी गेलात तर शेकाटे दिसतात, लांब लाल काड्यांसारख्या पायांचे. खाडीवर कुरव पक्ष्यांचे थवे असतात. रोहित पक्षी मोठ्या संख्येने पाहायचे तर ठाण्याची खाडी बरी. तिथे २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

मिठाच्या फोटोची एक गंमत आहे. पांढराशुभ्र ढीग फोटोत मळकट, करडा दिसतो. कारण कॅमेऱ्याला वाटतं, समोर फार उजेड आहे, आणि तो स्वतःहून फोटो काळवंडून टाकतो. अशा वेळी त्याला आपण उजेड थोडा वाढवायला सांगायचा. मोबाइलवर ढिगावर बोट टेकवलं की बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो किंचित वर सरकवायचा. चुन्याने रंगवलेली भिंत, पांढरी साडी, कापसाचं शेत, सगळ्याला हाच उपाय. विदर्भातल्या मैत्रिणींनी कापसावर करून बघावा.

भाईंदरची बरीच मिठागरं आता बंद पडली आहेत. जवळच्या मुंबईतही मिठागरांच्या जमिनींकडे घरबांधणीसाठी पाहिलं जातं. २०२४ मध्ये तिथल्या सुमारे २५६ एकर मिठागर जमिनीवर धारावीच्या पुनर्वसनाची घरं बांधण्याचा निर्णय झाला. कोणाला घर मिळू नये असं मी कशी म्हणेन? मी स्वतः अशाच सपाट केलेल्या जमिनीवरच्या इमारतीत राहते. पण मिठाचे ढीग माझ्या नातीला दाखवायचे झाले तर ते बहुधा माझ्या फोटोतच दाखवावे लागतील.

पाऊस खरा आणि पाऊस ओतलेला

पावसात मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते. पिशवीला भिंगापुरतं भोक पाडायचं आणि रबर लावायचं. आमच्याकडे राई, मुर्धा, मोर्वा ही गावं भाईंदर-उत्तन रस्त्याला लागतात. नावं घेतली की कोणाला खरी वाटत नाहीत, पण स्टेशनपासून एवढ्या जवळ अजून जुनी कौलारू घरं आणि शेताचे तुकडे आहेत. जुलैत उत्तनच्या बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, कारण जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा जाळी विणणं, होडीला रंग देणं चालतं. नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्या नव्या रंगात असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाजाचा अगेरा असतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. आपल्याकडे नव्याची पौर्णिमा, तसंच ते.

पावसाचा फोटो म्हटलं की मला न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेक यांची आठवण होते. भारतातल्या पावसावरची त्यांची चित्रमालिका १९६१ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात आली आणि जगभर गाजली. त्यात एक मुलगी डोळे मिटून, चेहरा वर करून पहिला पाऊस झेलते आहे. ती मुलगी म्हणजे पुढे नटी आणि दिग्दर्शिका झालेल्या अपर्णा सेन. त्या तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. आणि तो पाऊस आभाळातला नव्हताच! कोलकात्यात एका गच्चीवर, शिडीवरून झारीने पाणी ओतून तो फोटो घेतला होता. फोटो सुंदर आहे, वादच नाही. पण आमच्या किनाऱ्यावर पाऊस असा हुकमी येत नाही, आणि आला तर त्याची किंमत कोणीतरी मोजत असतं.

२०२५ चं उदाहरण ताजं आहे. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच आला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. शहरातल्या लोकांनी भजी तळली, मीही तळली. पण मीठवाल्यांचा आणि सुक्या मासळीवाल्यांचा मे हा हातचा महिना असतो. वर्षाचं शेवटचं वाळवण त्यात होतं. त्या आठवड्यात मावशींकडे गेले तर बांबूंच्या दोऱ्या रिकाम्या होत्या आणि प्लास्टिकखाली झाकलेल्या बोंबलांना बुरशी आली होती. काळ्या ढगांचा तो माझा सगळ्यात देखणा फोटो आहे. मागे त्या रिकाम्या दोऱ्या दिसतात. मी तो सासूबाईंना दाखवला तेव्हा ढगांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. म्हणाल्या, ‘अगंबाई, हिचं वर्षाचं गेलं की!’

आठ वर्षांनी एकदा

पूर्वेच्या डोंगरांची तऱ्हा वेगळी. काशिमिरा-चेण्याच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे पळस आणि काटेसावर फुलते, एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो. ती मजा दरवर्षी मिळते. पण कारवी मात्र आठ वर्षांनी एकदाच, पावसाच्या शेवटी फुलते, बी धरते आणि मरते. या डोंगरांत तिचा मोठा बहर २००८ ला आला, मग २०१६ ला, मग २०२४ ला. यापुढे २०३२.

२०१६ मध्ये मी नवशिकी होते. २०२४ मध्ये उद्यानाच्या वाटाड्याबरोबर गटाने गेले. उतारच्या उतार जांभळे झाले होते आणि मधमाश्यांचा आवाज यंत्रासारखा घुमत होता. जंगलात एकटीने आणि परवानगीशिवाय जाऊ नये. तिथे बिबटे आहेत. आमच्या गटातल्या एका वारली ताईंनी सांगितलं की घराच्या कुडाला कारवीच्याच काठ्या लागतात. त्या रोवून, वर शेण-मातीचा गिलावा दिला की भिंत तयार. शहरवाले फुलांसाठी आठ वर्षं थांबतात, त्यांना मात्र कारवी रोज लागते.

मी बसमध्ये हिशोब केला. ऐंशी वर्षं जगणाऱ्या बाईच्या आयुष्यात कारवी फार तर दहा वेळा फुलते. त्यातल्या किती वेळा आपल्याला उठून जाता येतं? लहानपणी कोणी नेत नाही, मग शिक्षण, मग मुलं लहान, मग कोणाची तरी आजारपणं. माझ्या वाट्याला दोन आल्या. २०३२ ला मी साठीची असेन.

फोटो पुरावाही असतो

उत्तनच्या अलीकडे डोंगरी आहे. नावाप्रमाणे टेकडी, तीवर दाट झाडी. २०२५ मध्ये तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला आणि नागरिकांनी हरकती नोंदवल्या. मेट्रो मलाही हवी आहे. रोज लोकलमध्ये चेंगरते ती मीच. तरी मीही हरकतीचा कागद लिहिला आणि त्याला त्या टेकडीचे चार फोटो जोडले. एकाच वळणावरून काढलेले, चार ऋतूंतले. शब्दांत मला एवढं नीट मांडता आलं नसतं. छंद म्हणून काढलेला फोटो असा कागदपत्राला लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

भूगोलाबरोबर इतिहासही चौकटीत येतो. घोडबंदरचा किल्ला खाडीच्या वळणावर आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला, मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेला. उत्तनच्या टोकाला चौकचा धारावी किल्ला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी तो घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी चौकच्या टोकावर उभं राहिलं की पलीकडे वसईचा किनारा दिसतो. हा किल्ला आधी का घ्यावा लागला, ते पुस्तक न उघडता समजतं. आता तर फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. तिच्यावरून आपलंच शहर पाण्यातून कसं दिसतं, ते बघण्यासारखं आहे.

तुमच्या गावात

आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. त्यांचा जन्म १९१३ चा. १९३८ मध्ये त्यांना मिळालेलं पहिलं काम काय होतं, तर एका सहलीचे फोटो. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. पुढे त्यांनी नेहरू, गांधी, माउंटबॅटन यांचे फोटो काढले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला काही पद्मविभूषण नको आहे. पण एका सहलीपासून सुरुवात होऊ शकते, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुमच्याकडे समुद्र नसेल. नदीचा घाट असेल, एसटी स्टँडसमोरचा पिंपळ असेल, आठवड्याचा बाजार, ऊसतोडीचे तळ, द्राक्षाच्या बागा, मिरचीचं खळं असेल. एकच जागा निवडा. बारा महिने, शक्यतो त्याच तिथीला, त्याच ठिकाणी उभ्या राहा. पहिले तीन-चार महिने काहीच वेगळं दिसणार नाही, कंटाळा येईल. पाचव्या-सहाव्या महिन्यात ती जागा स्वतःच बोलायला लागते.

एकटीने जाण्यापेक्षा मैत्रीण बरोबर घ्या, परतायच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, निघताना कोणाला तरी जागा सांगून जा. खाडीच्या चिखलात आणि भरतीच्या वेळी खडकांवर उतरू नका. माणसांचा फोटो विचारून घ्या आणि ‘नको’ म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवा. मुलाबाळांचे फोटो तर त्यांच्या आईला विचारल्याशिवाय काढूच नका, आणि कोणाचाही फोटो त्यांना न विचारता पुढे पाठवू नका.

आणि वर्षातून एकदा तरी त्यातल्या दहा-बारा फोटोंच्या कागदी प्रती करून घ्या. गावातल्या कुठल्याही स्टुडिओत त्या थोड्या पैशांत निघतात. मोबाइल पाण्यात पडतो, चोरीला जातो, बदलला जातो आणि त्याबरोबर सगळं जातं. एक प्रत ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या. दुसरी आपल्याकडे ठेवा आणि तिच्या मागे तारीख, तिथी, जागा आणि फोटोतल्या बाईचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘मावशी’ लिहू नका. आणि लिहाल ते मऊ पेन्सिलीने लिहा. पेनची शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते.